नागरिकहो!

सांगलीत माझा आवाज जितक्या माणसांनी ऐकलाय, तितक्यांनी भावे नाट्यमंदिरात गाजलेल्या एकाही नटाचा ऐकला नसेल. हे मी चारचौघांत सांगतो. तो त्यांनी रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून ऐकला आणि ऐकताना बहुतेकांची नजर 'ही कधी पुढं सरकतीय' अशी होती, एवढा तपशील मात्र गाळतो. नटानं सगळंच सांगायचं नसतं.

दोष गावाचा आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं संस्थानिकांपुढं 'सीता स्वयंवर' केलं आणि तेव्हापासून सांगलीत जन्मलेल्या प्रत्येकाला आपला गळा ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं वाटत आलंय. मीही उमेदीची वर्षं हौशी रंगभूमीवर घालवली. दिग्दर्शक बदलले, नाटकं बदलली, भूमिका एकच राहिली: दूत. पडदा उघडल्यावर तासाभरानं धापा टाकत यायचं, 'महाराज, घात झाला!' म्हणायचं आणि महाराजांना रडायला जागा करून देऊन विंगेत निघून जायचं. टाळ्या महाराजांना. त्यामुळं एका कचेरीतला कारकून जेव्हा घरी येऊन म्हणाला, "सर, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत, पोलिओचं तेवढं बोलता का?" तेव्हा मला वाटलं, अखेर महाराजांना विंगेत पाठवून नियतीनं दूताला माइक दिला.

कागद रूक्ष होता. शून्य ते पाच वयोगटातील सर्व बालकांना रविवारी पोलिओचा डोस द्यावा, यापूर्वी कितीही वेळा दिला असला तरी द्यावा, जवळच्या बूथवर जावे. संपलं. ह्यात नाट्य कुठाय? मी सुरुवातीला 'नागरिकहो!' घातलं. 'हो' लांबवून सोडला, त्यावर छोटा श्वास घेतला, 'बालकांना' म्हणताना सूर खाली आणला आणि 'दोन थेंब' ह्या शब्दांवर किंचित थरथरलो. रेकॉर्डिंग करणारा मुलगा दोनदा म्हणाला, "काका, गळ्याला काय झालंय का?"

रविवारी इस्त्रीचा सदरा घालून मी सहज म्हणून बूथवरून चक्कर मारली. सहज म्हणजे रिक्षा तिथून कधी जाणार हे आधी विचारून ठेवलं होतं. भोंग्यातून माझा 'हो' आला. रांगेतली एक बाई कडेवरच्या पोराला खाली ठेवत शेजारणीला म्हणाली, "कोण गं हा? रडतोय का काय?" शेजारीण म्हणाली, "त्याच्या पोराला डोस चुकला असंल." पोराच्या डाव्या करंगळीला शाई लागली, पोरगं ती चाटायला लागलं, आणि दोघी गेल्या.

भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ह्या यशातला माझा वाटा मी पाहुण्यांना सांगायचो. मग भाच्यानं विचारलं, "मामा, तुझं पहिलं रेकॉर्डिंग कुठल्या सालचं?" २०१६ चं. तेव्हापासून मी 'यश टिकवण्यातला वाटा' म्हणतो. तोही खरा नाहीच म्हणा. पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून तग धरून आहे, म्हणून आपल्याकडं डोस थांबत नाहीत. आणि ते देतात कोण, तर रविवार संपून भोंगा गोडाऊनला गेल्यावर सोमवारपासून निळी पेटी खांद्याला लावून दारोदार फिरणाऱ्या आशाताई. त्या दारावर खडूनं खूण करतात. घरातलं एखादं पोर राहिलं असेल तर फुली, सगळी झाली असतील तर इंग्रजी 'पी'. आमच्या गल्लीतल्या फुलीच्या दारात त्या ताई परत परत येताना मी पाहिलंय. त्यांना कुणी 'आवाज स्वच्छ आहे' म्हणत नाही. कुत्री भुंकतात.

पोलिओनंतर माझी मागणी वाढली. मोफत नेत्रतपासणी शिबिराला मी सूर मऊ ठेवला. रक्तदानाला वीररस. डेंग्यूच्या कोरड्या दिवसाला, म्हणजे आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी-पिंपं रिकामी करून घासायची असतात त्याला, करुणरस लावावा की दरडावावं हे ठरेना, म्हणून दोन्ही लावलं. कुस्त्यांच्या मैदानाचं मात्र मला कुणी दिलं नाही. तिथं निवेदकाला पैलवानांची सात पिढ्यांची नावं पाठ असावी लागतात, आणि संयोजकानं माझ्याकडं बघून "सर, तुम्ही आरोग्याचंच बघा" असं म्हटलं.

पण सांगलीत माणसाची खरी किंमत पावसाळ्यात कळते. माझ्या आवाजाला पहिल्यांदा पुराचा कागद मिळाला त्या रात्री मी दूध-हळद घेऊन झोपलो. कागदात आयर्विनचं नाव होतं.

इथं आयर्विनसाहेबांविषयी थोडं बोलणं भाग आहे. खरं तर भाग नाही, पण मला आवडतं आणि घरी कुणी ऐकत नाही. लॉर्ड आयर्विन १९२६ ते १९३१ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. गांधी-आयर्विन करार शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो, त्यातलं कलम एकालाही सांगता येत नाही. पुढं हे गृहस्थ लॉर्ड हॅलिफॅक्स झाले, दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते, आणि मे १९४० मध्ये पंतप्रधानपद दारापर्यंत येऊन चर्चिलच्या घरी गेलं. दिल्लीत त्यांच्या नावाचं इस्पितळ होतं, त्याला लोकनायक जयप्रकाश नारायण यांचं नाव मिळालं. थोडक्यात, जगानं माणूस बऱ्यापैकी विसरून टाकला. अपवाद सांगलीचा. १९२९ साली कृष्णेवर बांधलेला पूल त्यांच्या नावचा, आणि श्रावण लागला की दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो त्यांची विचारपूस करतो. "आयर्विनला किती?" घरात कुणी तापानं फणफणलं असताना थर्मामीटर विचारावा, त्या काळजीनं. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका. "आयर्विन अडतीसवर आलेत," असं आदरार्थी बोलणारे एक निवृत्त शिरस्तेदार मला माहीत आहेत. माझी खात्री आहे की साहेबांना त्यांच्या स्वतःच्या घरातही इतक्या वेळा कुणी 'आज कसे आहात' म्हणून विचारलं नसेल. आणि चर्चिलच्या नावाचा एक साधा ओढा तरी आहे का इथं? नाही. नियतीचा न्याय उशिरा होतो, पण फुटांत होतो.

तर आयर्विन. ते नाव भोंग्यातून घेताना मी 'व्हि'वर हलका ओठ दाबला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुराच्या दिवसांत सांगलीकर शब्द ऐकतच नाही, आकडा ऐकतो. आमच्या कोपऱ्यावरच्या पानटपरीवर जलसंपदा खात्याची समांतर शाखा चालते. अकरा हजार पाचशे चौऱ्याहत्तर क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, हे चुन्याचं बोट पुसता पुसता सांगणारी माणसं तिथं आहेत. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, दरवाजे सहा वक्राकार, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक वेगळे. पलीकडं कर्नाटकात आलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटर आणि ती ५२४ च्या वर न्यायचं घाटतंय, त्यावर तर रोज दोन तट पडतात. ह्यांच्यापुढं 'नागरिकहो' म्हणत श्वास घेणारा मी म्हणजे विनातिकीट शिरलेला प्रेक्षक. एकानं स्पष्टच सांगितलं, "सर, तुमचं ते हो होईस्तोवर दोन इंच चढतंय."

हवामानाचा अंदाज आमच्या कामाचा नसतो. तो सांगतो सांगलीचं, आणि आमचं पाणी ठरतं महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरात. तिथं हंगामात पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये पडतो, आमच्याकडं त्याच्या दहाव्या हिश्शाला लोक 'औंदा बरा झाला' म्हणतात. त्यामुळं पूर कधी कधी चक्क उन्हात येतो. दोरीवर कपडे वाळतायत आणि खालून पाणी चढतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही बोटीत होतो तेव्हा ह्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यासाठी 'पाणी उकळून प्या' आणि 'पाणी जपून वापरा' अशी दोन्ही निवेदनं करायची पाळी आली, तर आवाजात भाव कुठला आणावा, हे नाट्यशास्त्रात कुठं सापडत नाही.

त्या वर्षी आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझा कागद असा होता: 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, आवश्यकता भासल्यास सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अफवांवर विश्वास ठेवू नये, प्रशासनास सहकार्य करावे.' मी तो उत्तम वाचला. अजूनही म्हणतो, उत्तम वाचला. माझं घर विश्रामबागेत, जरा उंचावर. पाण्यानं आमच्या दाराची कडी कधी वाजवली नाही. गावभागातली मावशी तिसऱ्या दिवशी आमच्याकडं आली, देव, औषधांची पिशवी आणि एक लोणच्याची बरणी घेऊन. ओलं लुगडं बदलून चहा घेताना म्हणाली, "तुझा आवाज ऐकला रे. छान होता. पण निघायचं कधी, ते काय त्यात नव्हतं."

मी म्हटलं, "आवश्यकता भासल्यास, असं होतं की."

"मला कशी भासंल? २००५ ला पाणी दुसऱ्या पायरीला शिवून परत गेलं. मी पायरीकडंच बघत बसले होते. तो रिक्षावाला खाली उतरला आणि म्हणाला, आजी, रातच्या बाराच्या आत निघा, गॅसची टाकी काढून बांधून ठेवा, म्हशी कुणाच्या असतील तर आधी त्या सोडा, कागदपत्रं पोटाशी बांधा. मग निघाले."

विनोदी लिहिणाऱ्यानं इथं काहीतरी बोलायचं असतं. मला फक्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. 'सतर्क राहावे' हे वाक्य नदीकाठच्या माणसासाठी लिहिलेलंच नसतं. ते नंतर चौकशी झाली तर दाखवायला लिहिलेलं असतं: आम्ही कळवलं होतं. कुठल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं, हे दत्तनगरच्या शेंबड्या पोराला माहीत असतं. सूर्यवंशी प्लॉट आधी, मग कर्नाळ रोड, मग कोण, हा क्रम पानटपरीला तोंडपाठ आहे. कागदात तेवढं नसतं. कागदात 'नागरिक' असतो, आणि त्याला पायरी नसते, म्हैस नसते, गुडघेदुखीही नसते. आणि मी तो कागद असा काही गोड करून वाचायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळं कुणाच्या तरी हातात आहे.

त्या रिक्षावाल्याला मी शोधून काढलं. तो माझाच भोंगा घेऊन फिरायचा. "त्याचं काय हाय सर," तो म्हणाला, "पावसात तुमचं रेकॉर्डिंग घुमतंय. निस्तं हो-हो-हो ऐकू येतंय. मग म्या बंद केलं आन् माझ्याच तोंडानं सांगितलं." त्याचा आवाज तंबाखूनं खरवडलेला, 'स' आणि 'श' एकच. हौशी रंगभूमीवर त्याला दूताचंही काम मिळालं नसतं. मी त्याच्याकडं बघून, लाजेनं की मत्सरानं कुणास ठाऊक, घसा साफ केला.

आता पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही दोघं बसतो. कचेरीचा कागद समोर ठेवतो आणि त्याखाली त्याचं लिहून घेतो: आयर्विन चाळीसला आला की कुठल्या गल्लीनं सामान वर चढवायचं, त्रेचाळीसला कुणी निघायचं, जनावरं कुठल्या रस्त्यानं न्यायची, शाळा कुठली उघडी असेल. कचेरीतल्या साहेबांनी पुरवणीवर सही करायचं टाळलं, पण वाचू नका असंही म्हणाले नाहीत, म्हणून वाचतो. यंदा भांडण झालं ते पहिल्या शब्दावरून.

"ते नागरिकहो काढा की सर. तेवढ्यात बाया मिक्सर लावत्यात."

मी सांगितलं, तो काढला तर माझ्याकडं राहिलं काय? आकडे तुझे, गल्ल्या तुझ्या, म्हशी तुझ्या.

त्यानं बराच वेळ विचार केला, तंबाखूची गोळी दाढेखाली सरकवली आणि निकाल दिला. "बरं, ठेवा. पर निस्तं 'नागरिक' म्हणा. हो नको."

शेवटी अर्ध्या 'हो'वर तडजोड झाली. तो कसा म्हणायचा, त्याचा सराव मी सध्या गच्चीवर करतोय. खालच्या मजल्यावरचे विचारून गेले, काका बरे आहेत ना.