असशील तिथून निघून ये

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावातल्या बदलांच्या मधोमध, पूर्वी एक छोटी चौकट हमखास असायची. घर सोडून गेलेल्या पोराचा शाळेतला फोटो आणि खाली मजकूर : असशील तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलं आहे, तुला कोणी रागावणार नाही. हल्ली ही जाहिरात मोटार कंपन्या देतात. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कारखान्यातून निघालेल्या गाड्यांनो, असाल तिथून निघून या, एक पार्ट बदलायचा आहे, पैसे पडणार नाहीत. याला रिकॉल म्हणतात.

हा मजकूर लिहिणारा माणूस सगळ्या कंपन्यांत एकच असावा असा मला दाट संशय आहे. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको परत बोलावल्या. स्टीअरिंगच्या टाय रॉडमधला एक भाग क्वचित प्रसंगी तुटू शकतो आणि गाडीवरच्या ताब्यावर परिणाम होऊ शकतो, असं कळवलं. क्वचित, हे खरंच आहे. एका गाडीत तो एकदाच तुटतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३९,५०६ ग्रँड विटारांना बोलावणं गेलं, कारण टाकीत इंधन किती उरलं ते दाखवणारा काटा आणि धोक्याचा दिवा खरं सांगतीलच असा भरवसा नव्हता. आमच्या गोंदिया जिल्ह्यात कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे रात्री निघालेल्या माणसाने अशा वेळी बिबट्यावर विश्वास ठेवावा. तो निदान समोर आल्यावर लपवाछपवी करत नाही.

पण या वाङ्मयातला माझा सर्वांत आवडता नमुना सप्टेंबर २०२१ चा आहे. सियाझ, एर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांचं मोटर जनरेटर युनिट तपासायचं होतं. पार्ट बदलायला सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तोवर ग्राहकांनी काय करावं? पाणी साचलेल्या भागात गाडी चालवू नये आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये. सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात पाणी न साचलेला भाग हवा असेल तर उड्डाणपुलावर जाऊन उभं राहावं लागतं. तळी भरलेली, बोड्या भरलेल्या, बांध्यांत धान पाण्यात उभं, आणि रस्ता व बांधी यांतला फरक फक्त तलाठ्याला ठाऊक. सूचना तंतोतंत पाळायची तर आमगाव-सालेकशाच्या माणसाने पोळ्याला गाडी झाकायची आणि दिवाळीनंतर उघडायची.

तरी एक कबूल करतो. जी कंपनी जाहिरात देते ती बरी. जी देत नाही तिच्या गाड्या निर्दोष असतात असा समज करून घेणं म्हणजे ज्या घरातून भांडणाचा आवाज येत नाही तिथे फार प्रेम आहे असं धरून चालणं.

आता कायद्याकडे येऊ. २०१२ पर्यंत आपल्याकडे रिकॉलचा साधा संकेतही नव्हता. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, आपणहून एक आचारसंहिता केली. आपणहून केलेली गोष्ट आपणहून पाळायची असते, त्यामुळे कोणालाच त्रास झाला नाही. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११० अ आलं. सरकार आता कंपनीला गाडी परत घ्यायला लावू शकतं, आणि कंपनीने पैसे परत द्यावेत, दुसरी गाडी द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी असं त्यात लिहिलं आहे. नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. तारखेवरून हसू नये. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. एक कोटीत सध्या एक बऱ्यापैकी जर्मन गाडी येते, म्हणजे कंपनीने लाखभर गाड्या बिघडवल्या तर शिक्षा म्हणून तिने एक चांगली गाडी विकत घेतल्याइतका खर्च करायचा.

खरी गंमत पुढे आहे. एकट्यादुकट्याची तक्रार सरकारला ऐकू येत नाही. त्या मॉडेलची वर्षाला किती विक्री होते त्याच्या प्रमाणात तक्रारींचा आकडा ठरवून दिलेला आहे, तेवढे तक्रारदार जमले की चौकशी हलते. चाचणी करणाऱ्या संस्थेने दोष दाखवला तरी चालतं, पण देवरीच्या किराणा दुकानदाराकडे चाचणी संस्था कुठून येणार? म्हणजे त्याच्या गाडीचं इंजिन घाटात बसलं तर आधी त्याने देशभरात तशाच बसलेल्या इंजिनांचे मालक हुडकावेत. वरात जमवायची आणि मग मंडपात शिरायचं. शिवाय गाडी सात वर्षांच्या आतली हवी. आमच्याकडे गाडीची कारकीर्दच सातव्या वर्षी सुरू होते. नागपूरचा डॉक्टर पहिली पाच-सहा वर्षं वापरतो, मग ती एमएच-३५ च्या मुलखात येते, लग्नसराईत नवरदेव वाहते, मंडईला पाहुणे वाहते, झाडीपट्टीच्या नाटकाला नऊ माणसं आणि एक पेटी घेऊन अर्जुनी-मोरगावला जाते. कंपनीचं पत्र मात्र तिच्याकडच्या जुन्या पत्त्यावर, त्या डॉक्टरच्या घरी पडतं. डॉक्टर ते वाचून सुटकेचा श्वास टाकतो.

समजा इंजिन बसलं. एकट्याचंच बसलं. मग काय होतं हे आमच्या गल्लीतल्या गुरुजींच्या निमित्ताने मी जवळून पाहिलं आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कोणतंही घाला, बसेल. नवी गाडी, वॉरंटीतली, पिवळा दिवा लागला, चढावर धाप लागली आणि थांबली. टोचन करून वर्कशॉपला नेली. काउंटरवरच्या पोराने जॉब कार्डावर लिहिलं, ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार गाडी बंद’. गाडी समोर बंद उभी होती, पण ते ग्राहकाचं म्हणणं.

‘पेट्रोल कुठं भरता गुरुजी?’

‘पंपावर भरतो बापा, विहिरीवर कुठं भेटते?’

‘भेसळ असंल. वॉरंटीत नाही येत.’

मग पाण्यातून घातली असेल. मग बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला असेल. मग बोनेट उघडून टॉर्च मारली आणि सर्वांचे चेहरे उजळले : वायरिंगवर दात होते. उंदीर! गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात. इथे राइस मिल आहेत, म्हणजे उंदीरही खाऊनपिऊन सुखी आहेत. ते इंजिन कशाला खातील, हे गुरुजींनी विचारलं. उत्तर आलं की उंदराचं नुकसान वॉरंटीत नाही, विम्याला विचारा. विमावाल्याने सांगितलं की हा यांत्रिक बिघाड आहे, कंपनीला विचारा. ज्या उंदराने दोघांनाही सोडवलं त्याला कोणीच काही विचारलं नाही.

आता याच जिल्ह्यातला दुसरा माल बघा. शेतकरी धान घेऊन आधारभूत खरेदी केंद्रावर येतो. तिथे प्रत्येक गाडीतला धान हातात घेतला जातो, यंत्राने ओलावा मोजला जातो. १७ टक्क्यांच्या वर काटा गेला की माल परत. माती किती, पोचट दाणा किती, सगळ्याला मर्यादा. इथे कोणी म्हणत नाही की क्वचित प्रसंगी ओला निघू शकतो. दोष आपला नाही हे सिद्ध करायचं काम बनवणाऱ्याचं, म्हणजे शेतकऱ्याचं. तोच शेतकरी धान विकून शोरूममध्ये गेला की नियम उलटा फिरतो : आता दोष आहे हे सिद्ध करायचं काम विकत घेणाऱ्याचं, म्हणजे पुन्हा त्याचंच. एका हंगामात दोन्ही बाजूंनी आरोपी होण्याचा मान या देशात त्यालाच आहे.

धानाचा आणि इंजिनाचा अलीकडे फार जवळचा संबंध जुळला आहे. २०२४-२५ साली केंद्राने भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतला ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी मोकळा केला, भाव क्विंटलला २,२५० रुपये. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता २,३००. क्विंटलभर धानातून सरकारी हिशेबाने ६७ किलो तांदूळ निघतो, तोही भरडाईचा खर्च करून. म्हणजे टरफलासकट धान महाग आणि सोललेला तांदूळ स्वस्त. हे गणित मी मिलवाल्या मित्राला समजावायला सांगितलं, तर त्याने चहा मागवला.

तो तांदूळ दारू न होता पेट्रोल होतो आणि २० टक्के इथेनॉलच्या रूपाने आपल्याच टाकीत येतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलं होतं की ज्या मोटारी या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत त्यांचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल. ऑगस्ट २०२५ मध्ये मालक बोंब मारू लागले, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने धीर दिला : घट किरकोळ आहे, आणि काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, पण ते स्वस्त असतात. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला या मिश्रणाविरुद्धची याचिका फेटाळली. आमच्या विदर्भाचे नितीन गडकरी म्हणाले की हा ओरडा म्हणजे पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे. गुरुजी तेव्हापासून आपले पैसे कधी जमा होतात याची वाट पाहत आहेत. पेट्रोल कोणतं भरावं हे सरकार ठरवतं, पंपावर दुसरं मिळत नाही, आणि इंजिन बिघडलं की काउंटरवरचा पोरगा विचारतो, पेट्रोल कुठं भरता?

वाचकांपैकी ज्यांनी टॅव्हेरात बसून गोंदिया-देवरी केलं आहे, त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १,१४,००० टॅव्हेरा परत बोलावल्या. २००५ ते २०१३ एवढ्या काळातल्या. ब्रेक किंवा स्टीअरिंगचा प्रश्न नव्हता. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत कंपनीतली माणसं निवडक, कमी धूर सोडणारी इंजिनं बसवत होती. बाजारात जाणाऱ्या गाड्यांत जी असतील ती. गाडीचं वजनही कागदावर हलकं झालं होतं. कंपनीनेच हे सरकारला कळवलं, बऱ्याच अधिकाऱ्यांना घरी पाठवलं आणि टॅव्हेरांना बोलावलं. टॅव्हेरा काही गेली नाही. तिच्यात तेव्हा तेरा माणसं बसली होती आणि एक टपावर होता. पुढच्याच वर्षी याच कंपनीच्या मायदेशी, अमेरिकेत, इग्निशन स्विचचं प्रकरण फुटलं. चालत्या गाडीत किल्ली आपोआप फिरायची, इंजिन बंद, एअरबॅगही बंद. १२४ मृत्यूंची भरपाई द्यावी लागली, आणि कंपनीतल्या लोकांना हा दोष दहा वर्षं माहीत होता. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातली विक्री थांबवली, २०२० मध्ये तळेगावचा कारखानाही. शेवटी गाड्या राहिल्या इथेच, कंपनीने स्वतःलाच परत बोलावून घेतलं.

न्यायालयात काय होतं, असं गुरुजींनी मला विचारलं. होतं काय, निकाल होतात. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मारुती ग्राहकाच्या खटल्यात सांगितलं की वॉरंटी पार्ट बदलून द्यायची आहे, अख्खी गाडी नव्हे. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने २०११ मध्ये २०११ ची म्हणून २००९ ची, ६२२ किलोमीटर फिरलेली टाटा मोटर्सची गाडी टेकवली. तीन आयोगांत तो जिंकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांना मोकळं केलं, कारण डीलर वेगळा आणि कंपनी वेगळी. जाहिरातीत दोघांचं नाव एकत्र असतं, खटल्यात घटस्फोट होतो. पण एप्रिल २०२२ चा निकाल मला फार आवडला. अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत, ह्युंदाई म्हणाली की धडक पुरेशी जोराची नव्हती. न्यायालयाने बजावलं की वेग आणि बल यांचे सिद्धांत मांडून धडक मोजण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्रज्ञ असावा अशी अपेक्षा करता येत नाही. गुरुजी हे ऐकून जरा हिरमुसले. ते विज्ञान शिकवतात.

तेव्हा वाचकहो, मस्करी पुरे. तुमच्या आरसीवर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर छापलेला आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, रिकॉल असेल तर दिसेल. गाडी जुन्या बाजारातली असेल तर आधी टाका, कारण तुमच्या दारात पत्र येणार नाही. बिघाड झाला तर मिस्त्रीशी भांडण्याआधी परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. आकडा भरायला तुमचीही एक हवी. ग्राहक आयोगात जायचं तर नागपूरला खेटे घालायची गरज नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. जॉब कार्डाची प्रत मागून घ्या, आणि त्यावर ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार’ लिहिलं असेल तर सही करू नका.

रिकॉलची दुरुस्ती फुकट होते. वर्कशॉप नागपूरला असेल तर जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि जेवणाचा डबा आपला.