ताशी ऐंशी

मराठी माणूस परप्रांतात रुजला की आधी गणपती बसवतो, मग मंडळ काढतो आणि यथावकाश त्या मंडळाला एक फियाटवाले काका लाभतात. रायपूरचे फियाटवाले काका तात्यापाऱ्यात राहतात. आपलं घराणं भोसल्यांबरोबर छत्तीसगडात आलं, असं ते सांगतात. गाडीही त्याच सुमारास आली असावी, असं काकू म्हणतात.

गाडी प्रीमियर पद्मिनी. 1974 साली कंपनीने फियाटचं नाव पद्मिनी केलं, पण काकांना विचारलं नव्हतं. त्यामुळे ती अजून फियाटच.

या गाडीचा मीटर कैक वर्षं बंद होता. काटा शून्यावर, किलोमीटरचे आकडे जिथल्या तिथे. काकांचं त्यावाचून काही अडलं नाही. उलट ‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे ते मीटरवर बोट ठेवून सिद्ध करत. ॲव्हरेज? लिटरला सोळा. वेग? ‘हायवेला ऐंशी कुठे गेलं नाही!’ तात्यापारा ते शारदा चौक या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या चर्चेत रायपूरची एक पिढी म्हातारी झाली; तिथल्या गर्दीत ऐंशीचा पुरावा मागणार कोण?

पण चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला कोणाचा तरी जावई आला. पुण्याचा. त्याने खिडकीतून डोकावून विचारलं, “काका, काटा शोभेचा का?” झालं! केबल बदलायचीच, असं त्याच रात्री ठरलं.

मग मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात ही केबल पडू लागली. पण मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या (काकांनी त्या दिवशी गोड खाल्लं नाही), तिथे सुटे भाग कोण ठेवणार? भाच्याने पहिल्यांदा आणली ती स्कूटरची निघाली. काकांनी ती जपून ठेवली. काका काहीच टाकत नाहीत. खरी केबल एकदाची गीतांजली एक्स्प्रेसने आली.

मिस्त्रीला बोलावलं होतं ते ‘नुसतं धरायला’. काका स्वतः डॅशबोर्डखाली उताणे आणि पाय दाराबाहेर. चहा घेऊन आलेल्या काकू पायांशीच बोलल्या. आतून व्याख्यान चालू होतं: “गिअरबॉक्स ही तार फिरवतो, तार वर मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी. चुंबक तिला शिवतसुद्धा नाही, तरी ती ओढली जाते! मग काटा चढतो आणि एक नाजूक स्प्रिंग त्याला मागे खेचते. जर्मनीच्या ओट्टो शुल्झेचं 1902 सालचं पेटंट आहे हे!”

मिस्त्रीने जुनी तार उपसली, तुटकं टोक पाहिलं आणि म्हणाला, “केबल ह टूट गे हे, बाबूजी.”

नव्या तारेला काका सढळ हाताने ग्रीस थापू लागले. मिस्त्रीने वरची चार बोटं पुसून कोरडी केली, कारण ग्रीस तारेबरोबर चढत मीटरमध्ये जातं. पुढच्याच मिनिटाला काका हेच त्याला बजावून सांगत होते. वळण मात्र मिस्त्रीने मुकाट्याने सैल ठेवलं. जुनी तार तिथेच करकचून मुडपली होती आणि ती कोणी बसवली होती, हे त्याने विचारलं नाही. वरचं टोक मीटरला जोडून त्याने खालचं चिमटीत धरून फिरवलं. काटा थरथरला. काकाही.

चाचणीला नवा रायपूरचे रस्ते. रुंद, सरळ आणि मोकळे. तिथे कोणतीही सबब चालत नाही. काकूंनी चष्मा लावला.

“किती?”

“चव्वेचाळीस.”

काकांनी ॲक्सिलरेटर तळाला नेला. दारं खडखडली, वायपर आपोआप हलला.

“आता?”

“सत्तेचाळीस. आणि काहीतरी जळतंय.”

मागून आलेली शाळेची बस हॉर्न देत पुढे निघून गेली. मुलांनी हात केले. काकांनी गाडी कडेला घेतली, मीटरच्या काचेवर दोनदा टिचकी मारली आणि शांतपणे निकाल दिला.

“केबल डुप्लिकेट आहे. भाच्याला फोन लाव.”