प्रकृतीच्या जतनासाठी

दारूबंदीचा १९४९ सालचा कायदा अद्याप शाबूत असलेल्या आपल्या राज्यात मद्यपानाचा परवाना मिळतो तो प्रकृतीच्या जतनासाठी, हे ध्यानी घेऊन जालना रोडने मुकुंदवाडीकडे सायंकाळी जो कोणी फेरफटका मारील, त्याला परमिट रूमांतील मंद दिव्यांखाली दाटलेली गर्दी पाहून, येथील रयत आरोग्याविषयी किती दक्ष आहे याचा प्रत्यय आल्यावाचून राहणार नाही. (दवाखान्यात इतकी शिस्त आम्ही पाहिलेली नाही.) जायकवाडीच्या ज्या पाण्याला नळाच्या वाटेने आमच्या घागरीपर्यंत पोचण्यास आठवडा लागतो, तेच पाणी बिअरच्या कारखान्याच्या वाटेने बाटलीत शिरून, थंडगार होऊन, दररोज बिनचूक हजर असते, तेव्हा शहराचा पाणीपुरवठा संबंधित कचेरीकडून काढून उत्पादन शुल्क खात्याकडे सुपूर्द करावा, आणि आम्हांसही जलप्राशनाचे परवाने रीतसर अदा करावेत, अशी नम्र विनंती मी गुदरली आहे.

परवाना एक दिवसाचा हवा, वर्षाचा की आजन्म, अशी पृच्छा झाली.

नळाला पाणी मंगळवारी येते. मी एक दिवसाचा मागितला.