आशिया खावा कसा? धाकटी डहाणूकरांसाठी मार्गदर्शक सूचना

ज्याच्या अंगणात बोंबील वाळतात आणि ज्याला पापलेट ताजं की बर्फातलं हे नुसत्या डोळ्यावरून कळतं, अशा कोणाही धाकटी डहाणूकराने मुंबईच्या आशियाई हॉटेलात पूर्वतयारीशिवाय शिरू नये. तिथे पोटात भूक आणि चेहऱ्यावर आश्चर्य, दोन्ही लागतं. भूक आपल्याकडे असते. आश्चर्याची तालीम करावी लागते.

1. प्रवास

लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत येते. चर्चगेट तिथून सुमारे 124 किलोमीटर. विरार आलं म्हणजे निम्मं अंतर संपलं, मुंबई आली असं नव्हे. आधी परतीची गाडी पाहावी, मग मेनू. विरारच्या पुढे येणाऱ्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे शेवटी गोड मागवायचं की नाही हे पोट नव्हे, वेळापत्रक ठरवतं. पाहुण्यांसाठी सुके बोंबील नेले असतील तर ते जेवणाआधीच पोचते करावेत. हॉटेलात पिशवीतला वास चालत नाही, बशीतला चालतो.

2. आरंभ इराण्यापासून करावा

शहरात ‘आशियाई’ म्हटलं की नकाशा ब्रह्मदेशापासून सुरू होतो. आपण इतका कंजूषपणा करू नये. इराणही आशियातच आहे आणि डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांमुळे इराणी मंडळी आपल्याला परकी नाहीत. त्यांचेच धर्मबांधव असलेल्या पारशांचा पवित्र अग्नी संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर काही वर्षं आपल्याच तालुक्यातल्या बाहरोटच्या डोंगरात लपवून ठेवला होता, असं त्यांची परंपरा सांगते. एवढ्या जुन्या शेजाराला जागून बॅलार्ड इस्टेटमधलं 1923 सालचं ब्रिटानिया गाठावं आणि बेरी पुलाव मागवावा. त्यातल्या आंबट लाल बेरी इराणकडच्या. करवंदांची आठवण आली तरी ती मनातच ठेवावी.

3. चिनी जेवण

चिकन मंच्युरियन मंचुरियात कोणी ओळखत नाही. ते 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात जन्मलं. कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वाँग यांनी आलं, लसूण, मिरची आपलीच घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस व कॉर्नफ्लॉर घातलं. म्हणून मोठ्या हॉटेलातलं मंच्युरियन अस्सल आणि आपल्या नाक्यावरच्या गाडीवरचं नकली, असा न्यूनगंड बाळगू नये. दोन्ही सारखीच महाराष्ट्रीय आहेत. फरक एसीचा.

4. मासळीचा अवघड धडा

इथे संयमाची खरी कसोटी लागते. थाई जेवणात एक पातळ, तपकिरी, उग्र सॉस असतो. छोटे मासे मिठात घालून महिनोन्महिने मुरवले की तो तयार होतो. वास आल्याबरोबर ‘आपल्या बंदरावरचाच’ असं ओरडू नये. डोळे मिटून ‘काय खोली आहे चवीला’ म्हणावं. जपानी सूपचं पाणी सुक्या मासळीचं असतं. कुप्प्याच्या जातीचा मासा धुरावर धरून लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात, मग रंध्यासारख्या पात्यावर किसून उकळत्या पाण्यात टाकतात. हे ऐकून आजीची आठवण येईल. येऊ द्यावी, पण वेटरला सांगू नये.

सुशीतला मासा कच्चा असतो. त्याचे कल्ले दाखवा, असं म्हणू नये. डोकं त्याने केव्हाच मागे सोडलेलं असतं. ‘कुठल्या बंदरावर उतरला?’ याचंही उत्तर विमानतळाच्या नावाने मिळतं.

आई सोबत असेल तर मेनू तिच्या हाती देऊ नये. माकुलाचा भाव वाचून ती म्हणेल, “अरे, एवढ्यात टोपली भरून येते!” ते खरं असतं, आणि शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जातं.

5. बंदीच्या दिवसांत

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, होड्या शाकारलेल्या, वेळ भरपूर. अशा दिवसांत फोर्टमधलं बर्मा बर्मा बरं. 2014 साली सुरू झालेलं हे हॉटेल पूर्ण शाकाहारी आहे. खुद्द ब्रह्मदेशात मात्र सकाळची न्याहारी म्हणजे मोहिंगा, माशाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया, आणि तोंडी लावायला सुकी कोलंबी, लसूण, मिरची तेलात परतून केलेलं बालाचाँग. ते आपल्या सुक्या जवळ्याच्या चटणीची थोरली बहीणच. ज्या देशाशी आपली ओळख मासळीवरून पटली असती, त्याची भेट मुंबईत भाज्यांवरून होते. तरी खाऊसुए खावं. नारळाच्या रसाला आपण कधी नाही म्हटलेलं नाही.

6. काड्या

ज्यांचे हात जाळी विणण्यात तयार झाले आहेत त्यांना चॉपस्टिक लवकर जमतात. पण फार लवकर जमू देऊ नयेत. आपल्याला जेवायला घेऊन आलेल्या भाच्याला शिकवण्याचं समाधान मिळायला हवं. अगदीच कंटाळा आला तर सुशी हाताने उचलावी. जपानमध्ये ते शिष्टसंमत आहे. कोणी डोळे वटारले तर हेच गंभीरपणे सांगावं.

7. अभिप्राय

बिल भाचा देतो, तेव्हा शेवटचा प्रश्नही तोच विचारतो : “मामा, कसं वाटलं?” उत्तर एकच आहे : “वेगळंच!” ‘घरच्यासारखं’ हा शब्द कितीही ओठांवर आला तरी गिळावा. घरच्यासारखं खायला एवढे पैसे मोजले, हे त्याला निदान महिनाअखेरीस तरी कळू देऊ नये.