गोंदाचं व्याकरण

अमेरिकेतल्या हायस्कुलात स्पॅनिश शिकायला वह्या कमी आणि कात्र्या जास्त लागतात. ऑक्टोबर सरत आला की कवट्या रंगवायच्या, कारण १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा सण. मग पिन्याता, म्हणजे खाऊ भरलेली टांगती कागदी चांदणी. पारंपरिक पिन्याताला सात टोकं, म्हणजे सात महापापं; ती काठीने फोडायची. आठवं पाप, म्हणजे आदल्या रात्री आईने चिकटवून दिलेला कागद, मात्र मुलाच्या खात्यावर पुण्य म्हणून जमा होतं.

पुएब्ला राज्यातले कारागीर पातळ कागदांची चळत रचून छिन्नी-हातोडीने 'पापेल पिकादो'ची नक्षी कोरतात. वर्गात तीच कला दोन घड्या आणि चार कातरींत उरकते, की 'संस्कृती'च्या रकान्यात बरोबरची खूण.

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा. भिंतीवर मात्र एकटा मेक्सिको लटकलेला. बोलिव्हिया, उरुग्वे यांच्याकडे चिकटवण्याजोगं काही नसावं बहुधा.

वर्षाअखेरीस पोरगं एक वाक्य अगदी बिनचूक म्हणतं: 'बाथरूमला जाऊ का?' क्रियापदं चालवायची राहिली म्हणता? अहो, वेळ कुठे होता? चमकी वाळायची होती ना!