डाग पाहून पुस्तक घ्यावं

वडिलांची १९७१ सालची जावा माझ्या वाट्याला आली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मला तीन जावा. त्यांच्याशी निभावलं मी. ही चौथी सांभाळ तू."

खरं तर या नावाचा आपल्या नात्यागोत्याशी काही संबंध नाही. १९२९ मध्ये प्रागच्या यानेचेक नावाच्या गृहस्थांनी वाँडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली. पुढे गाडी म्हैसूरला बनू लागली, आपल्याकडे आली आणि इथल्या अर्थाने नावाला जागली. म्हणजे कधी फुरंगटेल याचा नेम नाही.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावावाले आपापल्या गाड्या मिरवायला काढतात. मलाही जायचं होतं, तेही गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून. त्यासाठी आधी पुस्तक आणायचं ठरलं. आमच्या घराण्यात पोहायला शिकायचं म्हटलं तरी पहिल्यांदा पुस्तक येतं. (आमच्यात कुणालाही पोहता येत नाही.)

घरात एक पुस्तिका होतीच, गाडीबरोबर मिळालेली. वडिलांनी ती पोथीसारखी जपलेली. पण मालकाला फार काही जमणार नाही, हे ती पहिल्या पानापासून गृहीत धरते. हवा बघा, साखळीला तेल द्या, आणि धाडसाची परिसीमा म्हणजे प्लग पुसा. त्यापुढे काहीही झालं तर अधिकृत विक्रेत्याकडे जा. कंपनीलाच १९९६ मध्ये टाळं लागलं. आता तो अधिकृत विक्रेता गाठायचा तर प्लँचेटच करायला हवं.

मग मंगळवार पेठेतला जुना बाजार. रविवारी सकाळी तिथे एका फाटक्या ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, ज्ञानेश्वरी आणि रेडिएटर शेजारी शेजारी नांदत होते. त्यातच कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल सापडलं, झेरॉक्सची झेरॉक्स. तेविसाव्या आकृतीत काळोख होता, चोविसाव्या आकृतीत त्याहून दाट काळोख, आणि त्यात घुसणारा एक बाण. मजकूर वाचता येत होता, पण तो कारखान्यातल्या माणसासाठी लिहिलेला. दर दोन ओळींनी अमुक नंबरचा पुलर घ्या म्हणतो. माझ्याकडे तीन पाने आणि एक डिसमिस.

शेजारी एक इंग्रजी, पुठ्ठ्याच्या बांधणीचं हेन्स होतं. या जॉन हेन्सबद्दल मला मनापासून आदर आहे. १९६६ मध्ये त्याने ऑस्टिन-हीली स्प्राइटवर पहिलं मॅन्युअल काढलं. त्याची रीत सोपी होती. गाडी खरोखर खोलायची, खरोखर जोडायची आणि प्रत्येक पायरीचा फोटो घ्यायचा. लिहिणाऱ्याने आधी हात काळे केलेले असले की भाषा आपोआप नम्र होते. शिवाय काम किती अवघड ते सांगायला हेन्सवाले एक ते पाच पाने छापतात. ही सोय इतरत्रही हवी. सोसायटीच्या सेक्रेटरीला गळती दाखवणे : पाच पाने. पण हे पुस्तक एका जपानी गाडीचं निघालं. विक्रेता म्हणाला, "साहेब, चाकं दोनच आहेत ना?" मी त्याला सांगू लागलो की जावाला किक आणि गिअर मिळून एकच दांडा असतो, तोवर तो मिक्सरच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच ढिगात वर्कशॉप मॅन्युअलची आणखी एक प्रत होती, तेलकट. डागांमुळे तो ती पन्नास रुपयांनी कमी द्यायला तयार झाला. मी तर डागांचेच जास्त दिले असते. पेट्रोलची टाकी काढण्याच्या पानावर दहाही बोटं उमटलेली. कार्बोरेटरच्या पानाला अजून रॉकेलचा वास. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'वायसर विसरू नको.' त्याच्याच खाली, त्याच अक्षरात, 'विसरलो.' असा लेखक मिळायला भाग्य लागतं! पुढे क्लचच्या पानावर एक अंगठा, चांगलाच दाबून उमटलेला. त्यानंतरची सगळी पानं दुधासारखी पांढरीशुभ्र. तिथे त्या गृहस्थाने गाडी ढकलत मिस्त्रीकडे नेली असणार.

घरी येऊन मी कामाला लागलो. 'स्क्रू सैल करा' असं पुस्तकात तीन शब्दांत आटोपलं होतं. पन्नास वर्षांत न हललेल्या त्या स्क्रूने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या. चौथ्या दिवशी तो फिरू लागला, पण फिरतच राहिला. आटे गेले होते. पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मिलीमीटर ठेवायचं असतं. ते मोजायची पट्टी आणायला मी नाना पेठेत गेलो, तर दुकानदार म्हणाला, "कशाला? व्हिजिटिंग कार्ड घाला की." हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

शनिवारी रात्री प्लगचा नंबर पाहायला वडिलांची ती पुस्तिका पुन्हा उघडली. जावाला आपण परका हात लागू दिला नाही, हे ते आम्हाला दर दिवाळीला सांगत. पानं कोरी करकरीत होती. एकावरही बोट उमटलेलं नव्हतं. शेवटचं, नोंदींचं पान तेवढं काळंकुट्ट, चार ठिकाणी दुमडून चिकटपट्टी लावलेलं. त्यावर वडिलांच्या वळणदार अक्षरात एका मिस्त्रीचं नाव होतं आणि खाली त्याच्या शेजारच्या किराणा दुकानाचा पी. पी. नंबर.