म्हातारपणाचा दर : महिना ७६ रुपये

भाच्याला पंचविसावं लागलं आणि घरातल्या सगळ्यांना त्याच्या म्हातारपणाचा घोर लागला. पोरगा यवतमाळजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाची आवक असेतोवर पगार, पुढे रामभरोसे. "मामा, म्हातारपणासाठी महिन्याले किती टाकू?" असं त्यानं विचारलं.

पुण्या-मुंबईच्या सल्लागारांकडे याचं उत्तर तयार असतं : पगाराच्या वीस टक्के. कोणत्या महिन्याच्या, ते सांगत नाहीत. जुलैचे वीस टक्के शून्य होतात, एवढं गणित भाच्यालाही येतं. मेअखेर गाठीला जे उरतं ते पराटीच्या बियाण्यात जातं. ते परत येईल की नाही, हे बोंडअळी ठरवते.

वहिनींचं मत, सरकारी नोकरी धरावी. त्याला उशीर झाला. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्यानं बंद केली, तेव्हा हा चड्डीत फिरत होता. मार्च २०२३ मध्ये कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संपावर बसले. पेन्शनवालाच जावई हवा म्हणणाऱ्या वधुपित्यांनी आता चाळिशीच्या आसपासचे घोडनवरे शोधावेत.

बँकेत ठेवावेत, तर आमच्या शहराचा अनुभव ताजा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इथल्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. विमा पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना असतो. म्हणजे भाचा सुरक्षित. पाच लाख साठवण्याचा धोका त्याला नाही.

उरली अटल पेन्शन योजना. २०१५ पासून आहे आणि तिचा तक्ता बघण्यासारखा आहे. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली, तर महिना ७६ रुपये भरून साठीनंतर दरमहा १,००० मिळतात, १५१ भरून २,०००, आणि ३७६ भरून ५,०००. हप्ता चुकला की दंड आहेच. पाच हजारांत ३५ वर्षांनी काय येईल ते विचारू नये. यवतमाळात चहा तरी मिळेल, असं आम्ही धरून चाललो आहोत.

आता खरी मेख. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत पासष्टीनंतर महिना १,५०० रुपये मिळतात, पण वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर. नियम असेच राहिले असं धरा आणि कागद-पेन्सिल घ्या. ७६ वाल्याची पेन्शन वर्षाला १२,०००. तो मर्यादेत बसला, त्याला दोन्ही मिळून महिना २,५००. १५१ वाल्याचे वर्षाला २४,००० झाले. तो श्रीमंतांत गणला गेला आणि २,००० वर थांबला. दुप्पट साठवणारा महिन्याला पाचशेनं मागे पडला. काहीच न साठवणारा मात्र १,५०० घेऊन पारावर बसला आहे आणि दोघांना हसतो आहे.

तेव्हा भाच्याला ठाम सांगितलं : ७६ टाक, वर एक रुपया नको. फक्त तुझ्या पोराला तोवर कुठं चिकटू देऊ नकोस. ते एकवीस हजार अख्ख्या कुटुंबाचे मोजतात. श्रावणबाळ कमावता निघाला की बापाचे दीड हजार गेले.